नावांचे गोत्र : प्राचीन भारतातील समाईक व्यक्तिनामे आणि जैन परंपरा

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नसते. बाराव्या दिवशी त्याला जी पहिली वस्तू मिळते ती म्हणजे नाव. मृत्यूनंतर देह जातो, घरदार वाटले जाते, पण शिलालेखात, मूर्तीच्या पादपीठावर अथवा एखाद्या हस्तलिखित पोथीच्या शेवटच्या पानावर कोरलेले नाव हजारो वर्षे टिकून राहते. प्राचीन भारताचा सामाजिक इतिहास लिहिताना राजांच्या लढायांपेक्षाही सामान्य माणसांच्या नावांची अधिक मदत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र ही नावे वाचू लागताच एक कोडे समोर उभे राहते. तीर्थंकरांचे नाव वैदिक ऋचेत भेटते, भगवान महावीरांच्या पित्याचे नाव शाक्यकुळातील राजपुत्रालाही असते, जिनमंदिराला दान देणाऱ्या श्राविकेच्या नावात ‘शिव’ असतो आणि बौद्ध भिक्षूंना लेणे देणारा शक सरदार ‘ऋषभदत्त’ असतो. मग ही नावे मूळ कोणाची? कोणी कोणाकडून घेतली? आणि नावावरून माणसाचा धर्म ठरविता येतो काय? या प्रश्नांचा यथामती विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नावे कशी घडत असत

प्राचीन भारतीय नावांची घडण पाहिली तर ती प्रामुख्याने चार उगमांतून आलेली दिसतात. पहिला उगम निसर्गाचा. ऋषभ म्हणजे बैल, सिंह, नाग, पद्म, चंद्र ही नावे या वर्गातील होत. दुसरा उगम नक्षत्रांचा. पुष्यमित्र, फल्गुयश, रेवती, रोहिणी, चित्रा या नावांच्या मुळाशी जन्मनक्षत्र अथवा त्याची देवता असे. तिसरा उगम देवतेच्या कृपेचा. दत्त, रक्षित, दास, मित्र, भूती अशी उत्तरपदे जोडून इंद्रदत्त, अग्निभूती, देवरक्षित यांसारखी नावे सिद्ध होत. चौथा उगम गुणांचा व आशीर्वादाचा. वर्धमान, सिद्धार्थ, अजित, सुदर्शन, प्रियदर्शना ही नावे म्हणजे माता-पित्यांनी अपत्याविषयी व्यक्त केलेली शुभेच्छाच होय.

नाव ठेवण्याचे नियमही होते. मुलाच्या नावात सम अक्षरे व मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत, असे गृह्यसूत्रे सांगतात. पतंजलीने महाभाष्यात नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा अशा सूचनांचा उल्लेख केला आहे. पाणिनीने तर लांबलचक नावे लाडाने आखूड कशी करावीत याचे सूत्रच दिले आहे. त्यानुसार देवदत्ताचा ‘देविक’ किंवा ‘देविल’ होतो. आपल्या घरी दत्तात्रयाचा ‘दत्तू’ आणि पार्श्वनाथाचा ‘पारिसा’ होतो, त्यामागची प्रवृत्ती अडीच हजार वर्षांची जुनी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. हे चारही उगम कोणत्याही एका संप्रदायाच्या मालकीचे नव्हते. आकाशातील नक्षत्रे सर्वांची होती, भाषा सर्वांची होती आणि मुलाचे कल्याण व्हावे ही इच्छाही सर्वांची होती. वैदिक, जैन, बौद्ध आणि आजीवक हे गंगेच्या खोऱ्यात एकमेकांचे शेजारी होते. ते एकाच बाजारात जात, एकाच राजाच्या प्रजेत मोडत आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात वाढत. त्यामुळे त्यांची नावे समाईक असणे हेच स्वाभाविक होते.

गणधरांची नावे

याचे सर्वांत बोलके उदाहरण भगवान महावीरांच्या शिष्यपरिवारातच आहे. अकरा गणधरांतील पहिले तीन सख्खे बंधू इंद्रभूती, अग्निभूती आणि वायुभूती. तिघांच्या नावांत तीन वैदिक देवता आहेत, कारण ते वेदविद्येत पारंगत अशा ब्राह्मण कुळात जन्मले होते. त्यांचे गोत्र गौतम. शाक्यमुनी बुद्धांनाही ‘गौतम’ याच गोत्रनामाने ओळखले जाते. इंद्रभूतींनी जिनशासन स्वीकारले, त्यांना गणधरपद लाभले, परंतु त्यांचे नाव बदलले गेले नाही. आज दिवाळीच्या दिवशी आपण ज्या गौतमस्वामींचे स्मरण करतो, त्यांचे मूळ नाव इंद्राशी जोडलेले आहे, याचा आपल्या पूर्वजांना कधीही संकोच वाटला नाही.

भगवंतांच्या कुटुंबातील नावेही अशीच आहेत. पिता सिद्धार्थ हे नाव बुद्धांचे जन्मनाम म्हणून प्रसिद्ध आहे आणि वाल्मीकी रामायणात दशरथाच्या आठ मंत्र्यांतही एक सिद्धार्थ व एक अशोक आहे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवंतांच्या कन्येचे नाव प्रियदर्शना होते, तर पुढे मौर्य सम्राट अशोकाने आपल्या लेखांत स्वतःला ‘प्रियदर्शी’ म्हणवून घेतले. भगवंतांचे चुलते सुपार्श्व हे सातव्या तीर्थंकरांचे नाव धारण करीत होते. ‘ज्याचे प्रयोजन सिद्ध झाले आहे तो सिद्धार्थ’ हा अर्थ इतका सुंदर आहे की तो कोणालाही आपल्या पुत्रासाठी हवासा वाटावा.

तीर्थंकरांपैकी बाविसावे भगवान अरिष्टनेमी यांचे नाव ऋग्वेदात तार्क्ष्याचे विशेषण म्हणून येते. ज्याच्या चाकाची धाव अभंग आहे असा तो अरिष्टनेमी. भागवत पुराणात नाभी व मेरुदेवी यांचे पुत्र म्हणून ऋषभदेवांचे चरित्र आले आहे. ही साम्ये महत्त्वाची आहेतच. परंतु ती कशाचा पुरावा आहेत आणि कशाचा नाहीत, हे ठरविण्यासाठी थोडे अधिक खोलात जावे लागेल.

चार राजे, तीन परंपरा

समाईक नावांचा अभ्यास करण्यासाठी ‘चार प्रत्येकबुद्धां’च्या कथेसारखे दुसरे साधन नाही. गुरूच्या उपदेशावाचून, एखाद्या साध्या निमित्ताने ज्याला स्वतःच बोध होतो तो प्रत्येकबुद्ध. श्वेतांबर परंपरेच्या उत्तराध्ययन सूत्रात असे चार राजे एकत्र उल्लेखिले आहेत : कलिंगाचा करकंडू, पांचालाचा दुम्मुह, विदेहाचा नमी आणि गांधाराचा नग्गई. बौद्धांच्या पाली जातककथांपैकी कुंभकार जातकात हेच चार राजे, त्याच चार देशांचे, करंडु, दुम्मुख, निमि आणि नग्गजि या नावांनी येतात. त्यांच्या वैराग्याची निमित्तेही मिळतीजुळती आहेत, फक्त ती राजाराजांत बदललेली आहेत. एका हातातील अनेक कंकणे वाजतात, एकच उरले की आवाज थांबतो, हे पाहून जैन कथेत नमीला बोध होतो, तर जातकात तोच प्रसंग नग्गजीच्या वाट्याला आला आहे.

यांपैकी तीन नावे वैदिक वाङ्मयातही आढळतात. ऐतरेय ब्राह्मणात पांचालांचा राजा दुर्मुख आणि गांधाराचा राजा नग्नजित यांचे उल्लेख आहेत. विदेहाचा राजा नमी साप्य पंचविंश ब्राह्मणात भेटतो. पुराणांनी विदेहाच्या राजवंशाचा मूळपुरुष निमी मानला आहे. म्हणजे वैदिक, जैन आणि बौद्ध या तिन्ही परंपरांच्या स्मृतीत त्या त्या देशांच्या राजांची हीच नावे जपली गेली आहेत. हे राजे कोणा एका पंथाच्या ग्रंथकाराने कल्पनेने निर्माण केले आणि इतरांनी उचलले, असे मानण्यापेक्षा ती उत्तर भारताची समाईक लोकस्मृती होती असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

याहूनही मनोवेधक आहे तो या नावांच्या अर्थांचा प्रवास. लोकभाषा प्राकृत होती. तिच्यात ‘दुम्मुह’ असा उच्चार झाला की त्यामागे संस्कृत ‘दुर्मुख’ आहे की ‘द्विमुख’, हे कानाला कळत नाही. ब्राह्मणग्रंथांत तो दुर्मुख राहिला. जैन कथाकारांनी त्याला ‘द्विमुख’ मानले आणि कथा सांगितली की, त्या राजाला एक दिव्य मुकुट मिळाला, तो मस्तकी धारण केला की त्याला दोन मुखे असल्याचा भास होई. गांधाराचा ‘नग्नजित’ प्राकृतात ‘नग्गई’ झाला. जैन टीकाकारांनी त्याची फोड ‘नग’ म्हणजे पर्वत आणि ‘गती’ अशी केली व हा राजा वारंवार पर्वतावर जात असे म्हणून त्याचे हे नाव पडले, असे सांगितले. नमीचे तर दोन अर्थ झाले. जैन परंपरेत शत्रुराजे त्याच्यापुढे नमले म्हणून तो नमी. बौद्ध जातकात चाकाच्या धावेप्रमाणे त्याने कुळाचे वर्तुळ पूर्ण केले म्हणून तो नेमी अथवा निमी. करकंडूच्या हाताला खाज सुटत असे म्हणून ‘कर’ आणि ‘कंडू’ अशी व्युत्पत्ती सांगितली गेली.

यावरून एक नियम हाती लागतो. पुष्कळदा नाव आधी असते आणि त्याची कथा नंतर येते. प्रत्येक समाज परंपरेने आलेल्या नावाला आपल्या भाषेचा, आपल्या श्रद्धेचा अर्थ देतो. हा अर्थ भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरेलच असे नाही, तथापि त्या समाजाचे मन कळण्यास तो अत्यंत मोलाचा असतो. दुर्मुख राजाच्या कुरूप नावाला मुकुटाचे तेज देणारे आपले कथाकार किती सहृदय होते, हेच त्यातून दिसते.

करकंडू राजाचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास दिगंबर मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यात करकंडू दक्षिणेत तेरापूर येथे येतो, लेण्यातील पार्श्वनाथांच्या मूर्तीचे दर्शन घेतो आणि तेथे नवी लेणी कोरवितो, असे वर्णन आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत या काव्याचे संपादन केले आणि तेरापूर म्हणजे धाराशिवजवळचे तेर, तसेच ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे दाखवून दिले. कलिंगाच्या राजाचे नाव असे आपल्या मराठवाड्याच्या डोंगरात येऊन स्थिरावले.

दगडावरची नावे

ग्रंथांपेक्षा शिलालेख अधिक विश्वसनीय, कारण त्यांत त्या काळच्या जिवंत माणसांची नावे असतात. मथुरेच्या कंकाली टेकडीवर १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननात जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट आणि मूर्ती फार मोठ्या संख्येने मिळाल्या. महाक्षत्रप शोडास याच्या काळातील एका पट्टावर वर्धमान अर्हंतांना वंदन करून दान देणाऱ्या अमोहिनी नावाच्या श्राविकेचा लेख आहे. तिच्या पतीचे नाव पाल, पुत्रांची नावे पालघोष, प्रोष्ठघोष आणि धनघोष. राजा शोडास मात्र शक. त्याचे व त्याच्या पित्याचे, राजुवुलाचे, नाव भारताबाहेरून आलेले. एकाच दगडावर परकीय राजाचे नाव, वैदिक गोत्रावरून आलेले ‘कौत्सी’ हे श्राविकेचे विशेषण आणि तीर्थंकरांचे नाव सुखाने नांदत आहे.

दुसऱ्या एका आयागपटावर नर्तक फल्गुयशाची पत्नी शिवयशा हिचे नाव आहे. आणखी एका लेखात शिवमित्रा आहे. अर्हंतांची पूजा करणाऱ्या स्त्रियांच्या नावात ‘शिव’ कसा, असा प्रश्न एखाद्यास पडेल. परंतु ‘शिव’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मंगल, कल्याणकारी’ असा आहे आणि जैन ग्रंथांत मोक्षालाही ‘शिव’ म्हटले आहे. भगवान नेमिनाथांच्या मातोश्रींचे नाव शिवादेवी आहे. तेव्हा नावातला शिव कैलासावरचा की सिद्धशिलेवरचा, हे केवळ नाव वाचून सांगता येत नाही.

कंकाली टेकडीवरच सरस्वतीची एक प्राचीन मूर्ती सापडली. तिच्यावर संवत ५४ चा उल्लेख असून ती सिंहाचा पुत्र गोव या लोहाराने दिली आहे. नर्तक, लोहार, व्यापारी, गणिकेची कन्या असे सर्व थरांतील दाते या लेखांत आढळतात. त्यांची नावे त्या काळातल्या इतर मथुरावासीयांच्या नावांहून वेगळी नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही याचे दोन ठळक दाखले आहेत. पुणे जिल्ह्यातील मावळात पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लेख आहे. ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले या विद्वानांनी त्याचा अभ्यास केला. अर्हंतांना वंदन करून आरंभ होणाऱ्या या लेखात लेणे कोरविणाऱ्या भदंत इंद्ररक्षिताचे नाव आहे. हा महाराष्ट्रातील सर्वांत जुना जैन लेख मानला जातो, तथापि काही अभ्यासक तो बौद्ध असावा असेही म्हणतात. अर्हंत हा शब्द आणि भदंत ही उपाधी दोन्ही श्रमण परंपरांत समाईक होती. इंद्राने रक्षिलेला तो इंद्ररक्षित, हे वैदिक धाटणीचे नाव तर तिघांचेही असू शकते. म्हणजे हा वाद नावाच्या आधारे मिटणारा नाही. त्यासाठी लेण्याची रचना, परिसर आणि लेखाची शब्दयोजना यांचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरा दाखला नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई स्वतः शक होता, त्याच्या पित्याचे नाव दीनीक. उषवदाताचे संस्कृत रूप ‘ऋषभदत्त’ असे अभ्यासक मानतात. त्याच्या पत्नीचे नाव दक्षमित्रा. ऋषभाने दिलेला तो ऋषभदत्त, हे नाव ऐकताच आपल्या मनात प्रथम आदिनाथांची आठवण येते. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या गर्भावतरणाच्या कथेत ब्राह्मणी देवानंदेच्या पतीचेही नाव ऋषभदत्तच आहे. परंतु नाशिकचा ऋषभदत्त ब्राह्मणांना लक्षावधी गाई दान देतो आणि बौद्ध भिक्षुसंघासाठी लेणे कोरवितो, हे त्याचाच लेख सांगतो. त्याचे नाव आपल्याला परिचित वाटते म्हणून त्याला जैन म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परदेशातून आलेल्या एका कुळाने दोन पिढ्यांत या भूमीचे नाव स्वीकारले, हे सत्य त्याहून कितीतरी उद्बोधक आहे.

दक्षिणेतील संगम

दक्षिणेत नावांच्या देवघेवीला आणखी एक पदर मिळाला, तो कन्नड आणि मराठी या शेजारी भाषांचा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष पहिला (इ. स. ८१४ ते ८७८) हा आचार्य जिनसेनांचा परमभक्त. त्याचे व्यक्तिनाम मात्र ‘शर्व’ होते, आणि शर्व हे शंकराचे नाव आहे. संजाण ताम्रपटात त्याने महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केल्याचे नमूद आहे. जिनसेनांच्या चरणी नतमस्तक होणारा हा राजा आपल्या आजच्या धर्मविषयक चौकटीत सहजासहजी बसत नाही, तसे त्याचे नावही बसत नाही.

श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकाच्या अखेरीस बाहुबलींची महामूर्ती घडविणारे गंगसेनापती चावुंडराय यांच्या नावाचे मूळ ‘चामुंडा’ या देवीनामात आहे. मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी या तीन भाषांत लेख असून त्यातील मराठी लेखाची गणना आपल्या भाषेच्या अतिप्राचीन लेखांत होते. या मूर्तीला ‘गोम्मटेश्वर’ का म्हणतात, याविषयी विद्वानांत मोठी चर्चा झाली. गोविंद पै यांनी ‘गोम्मट’ शब्द ‘मन्मथ’ या संस्कृत शब्दापासून आला असे प्रतिपादिले, कारण बाहुबली हे पहिले कामदेव मानले जातात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केलेले थोर संशोधक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते ‘गोम्मट’ हे चावुंडरायांचेच घरगुती नाव होते, आणि मराठीतील ‘गोमटा’ म्हणजे देखणा या शब्दाशी त्याचे नाते आहे. गोम्मटाचा ईश्वर तो गोम्मटेश्वर. नेमिचंद्राचार्यांच्या ‘गोम्मटसार’ या ग्रंथाचे नावही याच भक्तामुळे पडले. हे मत स्वीकारले, तर एका भक्ताचे लाडके नाव त्याच्या आराध्याला चिकटले आणि जगप्रसिद्ध झाले असे म्हणावे लागेल. नावांच्या इतिहासात असे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात, सामंत निंबदेवाने कोल्हापुरात जी बसदी बांधली तिचे नाव ‘रूपनारायण’. हे शिलाहार राजा गंडरादित्याचे बिरुद. नारायणाचे नाव जिनालयाला लाभले, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

आजही कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील आपल्या समाजाच्या नावांत हा संगम स्पष्ट दिसतो. अप्पा म्हणजे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण, अव्वा म्हणजे आई हे कन्नड शब्द. भरमाप्पा या नावात ‘ब्रह्म’ आहे. दक्षिणेतील बसद्यांत क्षेत्रपाल म्हणून पूजिल्या जाणाऱ्या ब्रह्मयक्षाचे ते स्मरण होय. आदगोंडा, जिनगोंडा, देवगोंडा या नावांतील ‘गोंडा’ म्हणजे कन्नड शिलालेखांतील ‘गावुंड’, अर्थात गावचा मुख्य. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) यांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगोंडा व पित्याचे नाव भीमगोंडा. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. ‘भीमगोंडा’ या एका नावात महाभारतातील वीर, कन्नड ग्रामसंस्था आणि जैन कुळ ही तीन सूत्रे एकत्र गुंफली गेली आहेत.

नावांवरून काय सिद्ध होत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अलीकडे प्रत्येक समाजात इतिहासातील थोर पुरुष आपलेच होते असे सिद्ध करण्याची अहमहमिका दिसते. त्यासाठी सर्वांत सोपा पुरावा म्हणून नावाचा उपयोग केला जातो. वरील विवेचनावरून हा पुरावा किती दुबळा आहे हे ध्यानी येईल.

पहिली अडचण, एकच नाव अनेकांचे असते. बृहदारण्यक उपनिषदात गार्ग्याला ज्ञान देणारा काशीचा अजातशत्रू आणि मगधाचा अजातशत्रू हे दोन भिन्न राजे होत. युधिष्ठिरालाही अजातशत्रू म्हणत. आचार्य समंतभद्र आपले महान तार्किक, तर बौद्धांचे समंतभद्र एक बोधिसत्त्व. आपल्याच परंपरेत शक ७०५, म्हणजे इ. स. ७८३ मध्ये हरिवंशपुराण पूर्ण करणारे पुन्नाटसंघीय जिनसेन आणि आदिपुराणकार जिनसेन हे वेगवेगळे आचार्य आहेत. नामसाम्यावरून त्यांना एक मानल्यास संपूर्ण कालगणनाच कोलमडेल.

दुसरी अडचण याच्या उलट, एकाच व्यक्तीची अनेक नावे असतात. मगधाचा अजातशत्रू जैन ग्रंथांत कूणिक आहे, त्याचा पिता बिंबिसार आपल्याकडे श्रेणिक आहे. स्वतः भगवान महावीरांचा उल्लेख पाली ग्रंथांत ‘निगंठ नातपुत्त’ असा येतो. केवळ नाव शोधणाऱ्याला हे उल्लेख कधी सापडलेच नसते.

तिसरी अडचण, नाव हे ज्याचे त्याने निवडलेले नसते. ते आई-वडिलांचे, आजोळचे, गावाचे, नक्षत्राचे देणे असते. धर्म आचरणातून, दानातून, श्रद्धेतून प्रकट होतो. म्हणून एखादा राजा अथवा दाता आपला होता असे म्हणावयाचे असेल तर त्याचे दान, त्याचे गुरू, त्याच्या लेखाचा आशय हे पुरावे तपासले पाहिजेत. अनेकांतवादाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने इतिहासातही एका बाजूने निर्णय देण्याचे टाळावे, हे उचित होय. तसेच, कोणी आपले ऋषभ, नेमी अथवा भरत हे नाव आमच्याकडून घेतले असे म्हणू लागला, तरी विचलित होण्याचे कारण नाही. समाईक विहिरीचे पाणी कोणी प्रथम भरले, यावर विहिरीची मालकी ठरत नसते.

समाईकपणाचा एक गमतीदार पुरावा आपल्या घरांतही आहे. विमल आणि शीतल ही तीर्थंकरांची नावे. जैन घरांत ती मुलांनाही ठेवली जातात, तर अन्य मराठी घरांत ती बहुधा मुलींची असतात. अनंत हे चौदाव्या तीर्थंकरांचे नाव, तसे विष्णूचेही. अजित हे दुसऱ्या तीर्थंकरांचे नाव तर आज महाराष्ट्रात सर्व जातिधर्मांत आढळते. ती नावे ठेवणाऱ्यांपैकी कोणीही उसनवारी करीत नाही.

आपले कर्तव्य

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी मागे वळून पाहताना या विषयातून एक व्यावहारिक बोधही घेता येईल. मथुरेच्या श्राविकांची नावे दोन हजार वर्षांनी आपण वाचू शकतो, कारण ती पूर्ण नोंदविली गेली. या लेखांत पुष्कळदा दान देणारी स्त्री स्वतःच्या नावाने उभी आहे. तिच्याबरोबर तिचे पती, पुत्र, पिता आणि जिच्या उपदेशाने दान घडले त्या आर्यिकेचेही नाव आढळते. याउलट गेल्या शतकातील अनेक देणगीफलकांवर ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ किंवा ‘अमुक यांच्या धर्मपत्नी’ एवढेच लिहिलेले असते. त्या मातोश्रींचे नाव त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसते. दोन सहस्रकांपूर्वीच्या कारागिरांनी दगडावर जे जपले, ते आपण संगमरवरावर जपू शकलो नाही, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणून समाजातील तरुणांनी आपापल्या गावच्या जिनमंदिरांतील मूर्तींच्या पादपीठांवरील लेख उतरवून घ्यावेत. जुन्या वह्या, पंचकल्याणकाच्या पत्रिका, पोथ्यांच्या शेवटी असलेली लेखनिकांची व दात्यांची नावे एकत्र करावीत. पायगोंडा, भरमाप्पा, पारिसा, आक्काताई ही नावे जुनाट वाटून टाकून दिली जात आहेत. ती निदान कागदावर तरी जतन व्हावीत. उच्चार जसा असेल तसाच लिहावा, त्याचे संस्कृतीकरण करू नये, कारण ‘पारिसा’ला ‘पार्श्वनाथ’ करून लिहिले की त्यातला कन्नड भाषेचा आणि चार पिढ्यांच्या जिव्हाळ्याचा इतिहास पुसला जातो. आणि यापुढे प्रत्येक देणगीफलकावर स्त्रीचे स्वतःचे नाव पूर्ण लिहिले जावे, असा ठराव प्रत्येक विश्वस्त मंडळाने केल्यास तो अमोहिनी आणि शिवयशा यांच्या परंपरेला साजेसा होईल.

नावे माणसांना वेगळी ओळख देण्यासाठी निर्माण झाली. परंतु त्यांचे मूळ शोधीत गेलो की वेगळेपणाच्या भिंती विरळ होत जातात आणि एका भूमीत, एका भाषेत, एकमेकांच्या शेजारी राहिलेल्या माणसांचा विशाल परिवार दृष्टीस पडतो. त्या परिवारात आपल्या परंपरेने दिलेली वर्धमान, सिद्धार्थ, ऋषभ, नेमी ही नावे आज सर्वांच्या ओठांवर आहेत, हे आपले भाग्य होय. त्या नावांतील गुण आपल्या आचरणात उतरावेत, हीच या मंगल प्रसंगी जिनेश्वरचरणी प्रार्थना.